खोगीर दिसलं की कोपरा गाठणारी भुरी

वाचक विचारतात:

आमच्याकडे नऊ वर्षांची पोनी आहे, भुरी. उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास. दोन वर्षांपासून माझी मुलगी (आता अकरा वर्षांची) पाठीवर नुसती जाड गादी टाकून, मोरकीला (डोक्यावर बसणाऱ्या, बिट नसलेल्या पट्ट्याला) दोरी बांधून तिच्यावर बसते. दोघींचं छान जमतं. मुलीला आता रीतसर घोडेस्वारी शिकायची आहे, म्हणून खोगीर, बिट (तोंडात बसणारी दांडी) असलेला लगाम आणि खोगीर पुढे सरकू नये यासाठी शेपटीखालून जाणारी दुमची असं सगळं सामान घेतलं. वापरलेलं आहे, पण दिसायला चांगलं आहे. पहिल्याच दिवशी सगळं चढवायला गेलो. खोगीर पाहूनच ती मागे सरली. कसंबसं पाठीवर ठेवलं, तर तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) ओढताच चावायला आली. दुमची लावताना दुगाण्या झाडल्या आणि खोगीर घसरून पोटाखाली गेलं. तेव्हापासून मी हातात काहीही घेऊन गेले तरी ती कोपऱ्यात जाऊन उभी राहते. एक अनुभवी गृहस्थ म्हणतात, खोगीर घट्ट कसा, खुंटाला बांधा आणि दमेपर्यंत उड्या मारू द्या, दोन दिवसांत सरळ येईल. दुसरे म्हणतात, लाडावलीय. काय करू? आणि किती दिवस लागतील?
– एक आई

ताई,

खुंटाला बांधून उड्या मारू देण्याचा सल्ला मुळीच ऐकू नका. बुजलेल्या घोडीला पळायची वाट मिळाली नाही की ती सगळा जीव एकवटून मागे रेटते. मोरकीचा पट्टा कानांमागे मानेच्या टोकावर रुततो, मान आणि पाठ दुखावते. दोरी तुटलीच तर ती उताणी पडू शकते. शेवटी दमून ती उभी राहील, यात शंका नाही. पण त्या उभं राहण्याला शांत होणं म्हणू नका. शांत घोडीचे कान इकडेतिकडे हलत असतात, खालचा ओठ सैल असतो, पापण्या लवतात, कधी एक मागचा पाय ढिला सोडलेला असतो. भीतीने थिजलेल्या घोडीचे कान एका जागी खिळतात, नाकपुड्या ताणतात, हनुवटी आवळली जाते, डोळ्याच्या वर सुरकुती पडते आणि पोटाकडे पाहिलं तर श्वास जेमतेम चाललेला दिसतो. लांबून दोघी सारख्याच 'गुणी' दिसतात. फरक पुढे केव्हातरी कळतो, आणि तेव्हा तुमची मुलगी पाठीवर असते.

'लाडावलीय' हेही मला पटत नाही. जी घोडी दोन वर्षं एका पोरीला पाठीवर घेऊन फिरते, तिला माणसाचं ऐकायचं नाही असं कसं म्हणणार? तिची तक्रार सामानाबद्दल आहे. ती भीतीची आहे की दुखण्याची, एवढंच आधी शोधायचं आहे. माझा अंदाज, थोडं थोडं दोन्ही.

म्हणून शिकवण्याआधी तपासणी. तोवर खोगीर पाठीवर चढवायचंच नाही.

पशुवैद्यकांना बोलावून पाठ आणि दात दाखवा. आयाळ संपते त्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची पेरं हलक्या दाबाने फिरवत गेलं की घोडी स्वतःच सांगते. एखाद्या जागी पाठ खाली दबते, कातडी थरथरते, कान मागे पडतात. तीच जागा पुन्हा तपासली आणि तेच झालं, तर तिथे दुखतंय. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तेही दाखवा. पूर्वी कधी खोगिराचा दाब बसून कातडीला इजा झाली की तिथे पुढे पांढरे केस येतात. तुमच्याकडे येण्याआधी भुरीने काय काय सोसलं ते तुम्हाला माहीत नसणार, पण तिच्या पाठीवर ते लिहिलेलं असू शकतं. तंग आवळताना चावायला येणाऱ्या घोड्यांमध्ये पोटातल्या अल्सरचाही त्रास आढळतो, म्हणून ते लक्षण डॉक्टरांना न विसरता सांगा. स्यू डायसन या पशुवैद्यक संशोधिकेने २०१८ मध्ये स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ खुणांची यादी मांडली. कान बराच वेळ मागे पडलेले असणं, शेपटी फटकारत राहणं, तोंड वारंवार उघडणं अशा या खुणा आहेत. त्यातल्या ८ किंवा अधिक दिसल्या तर हाडास्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता दाट असते. मुलगी पुन्हा बसायला लागली की ही यादी तुमच्या कामी येईल. 'नाटकं करतेय' असं म्हणण्याआधी खुणा मोजायच्या.

आता खोगीर. ते पोटाखाली गेलं होतं, म्हणजे भुरीचा पाय त्यावर पडला असण्याची शक्यता आहे. आतला सांगाडा तडकला असेल तर वरचं कातडं शाबूत दिसूनही खोगीर वापरण्याजोगं राहत नाही. पुढची कमान मांडीला टेकवून धरा आणि मागचा भाग स्वतःकडे ओढून पाहा. मध्येच वाकलं, करकरलं किंवा दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलल्या तर खोगीर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तंगाचे पट्टे आणि त्यांची शिवण ओढून बघा. जुनं कातडं वाळलं असेल तर दुमडल्यावर त्याला भेगा पडतात.

सांगाडा धड असेल तर माप. गादी न घालता, तंग न लावता, खोगीर तिच्या पाठीवर नुसतं ठेवायचं (आज नव्हे, ती तयार होईल तेव्हा). पुढची कडा खांद्याच्या पात्यावर चढता कामा नये, पाय पुढे टाकताना ते पातं मागे सरकतं. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी बोटांनी चाचपत वर कण्यापर्यंत जा, खोगिराचं वजन त्या रेषेच्या मागे पडता कामा नये. लहान पाठीच्या पोनीला मोठ्या माणसाचं खोगीर इथेच नडतं. कण्यावर पुढून मागेपर्यंत उजेड दिसला पाहिजे, आणि मुलगी बसल्यावरही पुढच्या कमानीखाली उभी दोन-तीन बोटं जायला हवीत.

पोनीचं अंग पिंपासारखं गोल आणि आयाळीजवळचा उंचवटा बसका, त्यामुळे खोगीर डावीउजवीकडे फिरतं आणि पुढे सरकतं. मग लोक काय करतात, तर तंग आणखी आवळतात, खाली आणखी एक गादी घालतात. अरुंद खोगिराखाली जाड गादी घातली की ते आणखी अरुंद होतं, आणि आवळलेल्या तंगामुळे जनावर अंग चोरायला लागतं. तुमच्या घरात नेमकं हेच झालं असावं.

वजनाचंही एकदा पाहून घ्या. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं असा सर्वसाधारण दंडक आहे. भुरी २४० किलोची असेल तर ३६ ते ४८ किलो झाले. त्यात मुलगी, बूट, हेल्मेट, खोगीर सगळं धरायचं. अकरा वर्षांची मुलं भराभर वाढतात, तेव्हा हा हिशेब दर काही महिन्यांनी पुन्हा करावा लागेल.

हे सगळं ठीक निघालं की मग भीतीकडे वळू.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण थेट मागे आणि नाकाच्या अगदी पुढ्यात त्याला दिसत नाही. बाजूने उचललेलं खोगीर नजरेत एकदम मोठं होतं आणि पाठीवर येऊन आदळतं. शिकार होणाऱ्या जनावराच्या पाठीवर मागून काय झेपावतं, ते त्याच्या रक्तात आहे. कातडी तर इतकी जागी, की माशी बसली तर तेवढाच भाग थरथरवून ती उडवता येते. त्यात तुमचं खोगीर वापरलेलं. त्याला दुसऱ्या घोड्याच्या घामाचा वास आहे. ते ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या, वाळू द्या आणि तिला मनसोक्त हुंगू द्या.

पहिलं काम मात्र खोगिराचं नाहीच, तुमच्या हातांचं आहे. तुम्ही काही घेऊन गेलात की ती कोपरा गाठते, म्हणजे तुमच्या भरल्या हातांचा तिने धसका घेतलाय. काही दिवस बादली, टॉवेल, खरारा, दोरी असं काहीही हातात घेऊन तिच्याजवळून जा आणि काहीही न करता निघून या. ती बघत असेल तिथेच थांबा, दोन श्वास घ्या, वळा, परत फिरा. रिकाम्या हाताने जाऊन मान खाजवा. मग हातात फडकं असताना तीच जागा खाजवा. तिने कोपऱ्याकडे जाणं सोडलं की पुढचं.

खोगीर तिच्या चाऱ्याच्या जागेपासून लांब एखाद्या लाकडी स्टँडवर किंवा कुंपणाच्या आडव्या दांडीवर ठेवून द्या. किती लांब? ती मान वर करून एकदा बघेल आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घालेल इतकं. रोज थोडं जवळ. हे काम मुलीला द्या. तिला धीर धरायचाय, तर हाताला काहीतरी हवं. नंतर कुणीतरी खोगीर हातात घेऊन भुरीच्या पुढे, तिच्यापासून दूर चालत जायचं आणि मुलीने सैल दोरीने भुरीला त्याच्या मागे चालवायचं. अंगावर चालून येणाऱ्या वस्तूपासून घोडं पळतं, पण दूर जाणाऱ्या वस्तूच्या मागे ते कुतूहलाने जातं. थोड्या वेळाने ती स्वतः नाक पुढे करेल. तिने हुंगलं की खोगीर घेऊन लगेच बाजूला व्हा. तिथेच चढवायचा मोह होतो. तो आवरा.

यापुढचं जे सांगते त्यावर सगळं अवलंबून आहे. वस्तू अंगावरून कधी काढायची, याची वेळ. जुनी ओळखीची गादी घ्या. खांद्याला टेकवा आणि ती शांत उभी असतानाच काढून घ्या. पुन्हा टेकवा, थोडी फिरवा, काढा. पाठीवर ठेवा, काढा. तिच्या लक्षात यायला हवं की ती स्वस्थ उभी राहिली की वस्तू जाते. आपल्याकडून नेमकं उलट होतं. ती शांत आहे तोवर आपण वाढवत जातो आणि ती उसळली की घाबरून काढून घेतो. मग उसळलं की सुटका, हे ती पक्कं शिकते. समजा तुमचा अंदाज चुकला आणि ती सरकायला लागली, तर गादी ओढून घेऊ नका आणि दाबूही नका. हात हलका ठेवून तिच्याबरोबर चाला. पावलं क्षणभर थांबली की त्याच क्षणी काढा. आणि पुढच्या वेळी आणखी सोप्या जागेपासून सुरू करा, कारण ती सरकली याचा अर्थ आपण घाई केली होती. तिने मान खाली घातली, ओठ चाटले, लांब श्वास सोडून फुरफुरली, तर थोडं थांबा, तिला तो वेळ द्या. एका वेळी १०-१५ मिनिटं पुष्कळ झाली. जमलंय असं वाटत असतानाच थांबा.

जे डाव्या बाजूने कराल ते सगळं उजव्या बाजूनेही करा. घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्याला कळत नाही, असं पुष्कळजण सांगतात. ते तितकंसं खरं नाही. प्रयोगांमध्ये घोड्यांनी एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्याने ओळखलं आहे. पण तीच वस्तू दुसऱ्या बाजूने वेगळी दिसते, अंगाला वेगळ्या जागी लागते, आणि म्हणून घोडं नव्याने बुजतं. कारण काहीही असो, उजवी बाजू वगळू नका.

गादीवर ती निवांत राहू लागली की तंग. इथे घाई अजिबात नको. आधी रुंद, मऊ पट्टा तिच्या छातीखालून घ्या आणि दोन्ही टोकं पाठीच्या वर हातातच धरा. हळूच आवळा, तिने श्वास सोडला की सैल करा. हातातला पट्टा क्षणात सोडता येतो, बकल लावलेला येत नाही. ती अंग चोरायची थांबेपर्यंत एवढंच. मग बकल लावून फिरवा. त्यानंतर खोगीर, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढून ठेवून. ते वरून टाकायचं नाही, उंचवट्याच्या थोडं पुढे अलगद टेकवून केसांच्या दिशेने मागे सरकवायचं.

तंग पहिल्या खेपेला किती कसायचा, हा अवघड प्रश्न आहे. फार आवळला तर दुखेल, ढिला ठेवला तर खोगीर पुन्हा पोटाखाली जाईल, आणि ती आठवण पुसायला फार काळ जाईल. खोगीर हाताने हलवून फिरत नाही इतपत लावा, चार पावलं चालवा, दोन्ही बाजूंनी एकेक भोक वाढवा, पुन्हा चालवा. शेवटी तंगाखाली दोन बोटं सपाट जायला हवीत. पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ओढले की कोपरामागे चिमटलेली कातडी मोकळी होते. पोनी पोट फुगवते म्हणून गुडघा मारायची पद्धत आहे, ती कुणी सुचवली तर नाही म्हणा. दुखेल या भीतीने तिचे स्नायू ताठ होतात. गुडघ्याने तिची भीती खरी ठरते. आणि खोगीर अंगावर असताना तिला बांधून एकटं सोडू नका, एवढ्यात तर नाहीच.

रिकिबी नंतर लावा, आधी वर गुंडाळलेल्या, मग लोंबत्या. चालताना त्या कुशीला आपटतात, खडखडतात. मोकळ्या बंदिस्त जागेत, हातात लांब दोरी धरून, पावलाच्या चालीवर दोन्ही दिशांनी फिरवा. ते निवांत झालं की मगच दुडकी. हाताने खोगिराची बाजू थोपटा, कातडं करकरवा. मुलीचा पाय चुकून कुठेही लागला तरी तो आवाज तिच्या ओळखीचा हवा.

बिटची मला घाई दिसत नाही. मोरकीवर ती दोन वर्षं वळतेय, थांबतेय. खोगीर पूर्ण अंगवळणी पडेपर्यंत तेच चालू ठेवा. एका वेळी एकच नवी गोष्ट. बिट ज्या जागी बसतं ती पुढच्या दातांमागची मोकळी हिरडी. काही घोड्यांना तिथेच दाढांच्या पुढे बारीक दात असतात आणि बिट त्यावर आपटतं, म्हणून दात आधीच तपासून घ्यायचे. बिट ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांबाहेर अर्धा-अर्धा सेंटिमीटर असावं. जाड बिट सौम्य, असं मानतात, पण पोनीच्या लहान तोंडात जाड जिभेबरोबर जाड बिट मावतच नाही. ते हाताने कोमट करून द्या, आणि काढताना तिने स्वतः सोडेपर्यंत थांबा. ओढलं तर दातावर आपटतं, आणि दुसऱ्या दिवशी ती तोंड उघडत नाही. नाकपट्टीच्या आत, नाकाच्या हाडावर, दोन बोटं गेली पाहिजेत. सुरुवातीला लगामाखाली मोरकी तशीच राहू द्या आणि हाताने नेताना दोरी मोरकीलाच लावा.

दुमचीचं म्हणाल तर भुरीने जे केलं त्यात मला काहीच नवल वाटलं नाही. शेपटीखालची कातडी फार नाजूक असते, आणि तिथे अचानक काही घुसलं की घोडं शेपूट दाबून धरतं. दाबलं की पट्टा आणखी रुततो, रुतला की ते दुगाण्या झाडतं. ती सध्या बाजूला ठेवा. मापाचं खोगीर मिळालं तर कदाचित लागणारही नाही. लागलीच तर अगदी शेवटी, आणि मुलगी पाठीवर नसताना. आधी कमरेमागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत शेपटीच्या मुळाशी या, बाजूला, तिच्या मांडीशी उभं राहून शेपूट उचलायची सवय करा. मग मऊ कापड तिथून फिरवा. दुमची जाड, गुळगुळीत, स्वच्छ असावी, शेपटीचा एकही केस आत अडकू नये, आणि पट्टा व पाठ यांच्यामध्ये हात सहज जावा. चढउतारावर आणि दुडक्या चालीतही ती बेफिकीर राहिली की मगच मुलगी बसेल.

मुलीची गादीवरची फेरी डॉक्टरांनी होकार दिला की चालू ठेवा, पण सामानाच्या सरावाच्या वेळी नको. भुरीचा तिच्यावरचा विश्वास हीच तुमची सगळ्यात मोठी जमा आहे, ती या कामात खर्च करू नका. तंग आवळायचं काम मोठ्यांनीच करायचं. खोगिरावर पहिल्यांदा बसताना हेल्मेट, टाचेचे बूट, चौथऱ्यावरून अलगद चढणं, दोरी ओळखीच्या मोठ्या माणसाच्या हातात, आणि एक-दोन फेऱ्यांत उतरणं. घोडीच्या अंगावर घाम आला असेल तर खोगीर काढल्यावर पाठ पाहा. ओल्या पाठीत मध्येच कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब जास्त पडत असू शकतो.

किती दिवस, ते मी सांगणार नाही, कारण एकदा तारीख ठरली की तुम्ही तिच्यामागे धावाल. दिवस न मोजता हे बघा: खोगीर घेऊन गेलात तर ती तुमच्याकडे येते की नाही? तंगाला हात लावल्यावर कान कुठे जातात? हे दोन आठवडे बदललंच नाही, किंवा डॉक्टरांनी दुखणं नाही सांगूनही ती तंगाला उसळते, तर शिकवणाऱ्या माणसाची मदत घ्या. त्यांना भुरी दाखवण्याआधी ते दुसऱ्या एखाद्या घोड्याबरोबर काम करताना बघून या. घोडं त्यांच्याजवळ आपणहून येतं का ते पाहा. 'आधी बांधू' म्हणणाऱ्यांना भुरी देऊ नका.

डॉक्टर पाठीबद्दल काय म्हणाले ते कळवा. खोगीर गादीशिवाय तिच्या पाठीवर ठेवता आलं की बाजूने आणि समोरून फोटो काढून पाठवा, मग मापाबद्दल नेमकं सांगता येईल.